दादांचा आवाज कोणी नेला?

१

दादांचा आवाज दुसऱ्यांदा गेला तो काल दुपारी. आत्याचं म्हणणं असं, की या वेळी तो गेला नव्हता, कोणीतरी नेला होता.

पहिल्या खेपेला संशयाला जागाच नव्हती. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की स्वरयंत्राचा बराचसा भाग काढावा लागेल. पुढे नेटाने सराव केला तर घोगरा का होईना, आवाज उमटेल, पण पूर्वीचा आवाज विसरा. दादा पडले घड्याळजी. जे निघणार आहे ते आधी जपून ठेवायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी आपला जुना फोन घेतला आणि ऑपरेशनला जाण्याआधी रोजच्या वापरातली वाक्यं त्यात बोलून ठेवली. बटण दाबलं की फोन दादांच्या खणखणीत आवाजात म्हणायचा, 'कोण आलंय?' किंवा 'घड्याळ तयार आहे', किंवा 'जेवण छान झालंय'. गिऱ्हाइकांसाठी 'धन्यवाद, पुन्हा या' होतं आणि घरच्यांसाठी 'तू म्हणशील तसं' होतं. हे शेवटचं वाक्य दादांनी आयुष्यात कधी तोंडातून काढल्याचं आत्याला आठवत नव्हतं. ऑपरेशनच्या भीतीने माणूस मऊ पडला असावा, असा तिने अर्थ लावला होता.

फोनचं बोलणं इतकं सोयीचं झालं, की घशाचा सराव मागे पडला तो पडलाच. मग फोनही कुरकुरायला लागला. वाक्यं वाजवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडे. 'जेवण छान' एवढं बोलून फोन गप्प, आणि दादा बोट उगारून बसलेले. शेवटी तो फोन कॉम्प्युटरला जोडून अपडेट करायचं ठरलं. अपडेट झाला, फोन झकास चालू लागला, फोटो होते, नंबर होते, आणि दादांचं एकही वाक्य नव्हतं.

आत्या दुकानात शिरली तेव्हा भिंतभर घड्याळं एका सुरात टिकटिकत होती आणि दादा त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. समोर पाटी होती. त्यांनी खडूने लिहिलं, 'सिग्नलला या दुकानात पाय ठेवू देऊ नका.' सिग्नल म्हणजे शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला. कुठलाही फोन हातात घेतला की तो आधी डोक्यावर उंच धरून बघतो, म्हणून गल्लीने त्याला हे नाव बहाल केलं होतं. दादांची आणि त्याची गट्टी जुनी. दुपारचा चहा दोघे एकाच किटलीतला पीत.

आत्या म्हणजे दादांची बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं पण ऐकायचं नाही, या नियमात तिची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतर ती मनसोक्त भरपाई करत होती. लोक काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात, हे तिच्या कानाला आधी कळे.

"वहिनी, तुम्हाला कोणाचा संशय येतो?" तिने विचारलं.

वहिनी मागच्या टेबलावर एका गजराच्या घड्याळाची चाकं ब्रशने धूत होत्या. "कोणाचाच नाही, वन्सं. जुनं यंत्र, कुठेतरी अडकलं असेल. नका जीवाला लावून घेऊ."

आत्याचे कान टवकारले. वहिनींच्या आवाजात दुःख होतं, पण हळहळ नव्हती. एवढ्यात जिन्यावरून सूनबाई धावत खाली आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आत्या, उगाच कोणाला विचारत बसू नका," ती म्हणाली. "बाबांचा आवाज मी पुसला."

२

सूनबाई घरी बसून भाषांतराची कामं करायची. कॉम्प्युटर तिचा, तेव्हा अपडेटचा मान आधी तिलाच मिळाला होता.

"परवा दुपारी मी फोन जोडला," ती सांगू लागली. "केबल सारखी निसटत होती. फोनच्या भोकात कचरा साठलाय ना, म्हणून मी बोटाने दाबून धरली. फोनवर बॅटरीचं चित्र आलं, म्हणजे जोडला गेला असं मला वाटलं. कॉम्प्युटरवर मी कुठे कुठे 'होय' म्हटलं, मला आठवतही नाही. शेवटपर्यंत काही झालं नाही, मग काल सकाळी सिग्नलदादांकडे दिला. पण घाण मीच करून ठेवली होती. आता बाबांना तोंड कसं दाखवू?"

"रडणं जरा बाजूला ठेव," आत्या म्हणाली. "ती केबल आण. फोनही घे."

फोन दादांनी कालपासून खणात टाकून दिला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं त्यांना. आत्याने तो उचलला. काच आरशासारखी लखलखत होती आणि वर पहाटेची वेळ दिसत होती. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. आत्याने भुवई उंचावली आणि फोन घेऊन ती जिना चढली.

वरच्या खोलीत तिने केबलचं एक टोक कॉम्प्युटरला लावलं आणि दुसरं फोनला. केबल खट्टकन बसली. फोनवर बॅटरीचं चित्र उगवलं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म.

"ही केबल आली कुठून?"

"माझ्या टेबलावरच्या दिव्याची आहे. टोक बसत होतं, म्हणून वापरली."

आत्या हसली. तिने आपला स्वतःचा फोन त्याच केबलला लावून पाहिला. तोही नुसताच चार्ज होऊ लागला. मग पर्समधून आपली केबल काढून लावली, तशी कॉम्प्युटरने टुणकन आवाज केला आणि पडद्यावर फोनचं नाव आलं.

"बघ आता. तुझ्या दिव्याच्या केबलमधून फक्त वीज जाते. माहिती वाहून नेणाऱ्या तारा हिच्या पोटात नाहीतच. तू कॉम्प्युटरला हजार वेळा 'होय' म्हटलं असतंस तरी फोनच्या कानावर काही गेलं नसतं. आमच्या खात्यात याला मेलेली लाइन म्हणायचे. पुसणं तर सोडच, तू त्या फोनला धक्कासुद्धा लावलेला नाहीस."

सूनबाईचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा पडला. "मग राहिले सिग्नलदादाच."

"राहिला खरा," आत्या म्हणाली. "पण फोटो राहिले, नंबर राहिले, आणि नेमका आवाज तेवढा गेला. अपडेट बिघडला तर सगळं घर वाहून जातं. एकच कपाट कसं जाईल?"

३

सिग्नल आपल्या टपरीएवढ्या दुकानात तोंड पाडून बसला होता. कालपासून दादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं आणि हे त्याला फार लागलं होतं.

"आत्या, आईशप्पथ मी पुसलं नाही," तो म्हणाला. "उलट सांभाळून ठेवलं. फोन कॉम्प्युटरला जोडला, तर तो म्हणतो जागा नाही. जुना फोन, गळ्यापर्यंत भरलेला. अपडेटला मोकळी जागा तर लागणारच. सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती काकांच्या आवाजाने. मग मी काय केलं, आवाजाच्या सगळ्या फाइल मेमरी कार्डावर हलवल्या. माझ्याकडचंच एक कार्ड घातलं. काकांच्या फोनला ती सोय आहे ना, मागचं झाकण काढायचं, बॅटरी उचलायची, खाली कार्डाची खाच आहे. मग अपडेट केला."

"आणि मग?"

"मग वाजवून बघितलं. फोन द्यायला गेलो तेव्हा तुमच्या सूनबाईंसमोरही वाजवलं. 'धन्यवाद, पुन्हा या' असं काका बोलले की."

आत्याने मागे वळून पाहिलं. दारात उभ्या सूनबाईने मान डोलावली. "हो आत्या, वाजलं होतं. मी फोन बाबांच्या टेबलावर ठेवला आणि वर गेले. नंतर दुपारी बाबा खाली आले, बटण दाबलं, तर काही नाही. मला वाटलं, मी आदल्या दिवशी जे केलं त्याचा परिणाम उशिरा झाला असेल."

"म्हणजे सकाळी आवाज होता आणि दुपारी नव्हता," आत्या पुटपुटली. "सिग्नल, हे झाकण उघड."

सिग्नलने नखाने झाकण काढलं, बॅटरी उचलली आणि त्याचा हात तसाच थांबला. खाच रिकामी होती.

"कार्ड कुठे गेलं?" त्याने फोन उलटा करून झटकला. "आत्या, मी घातलं होतं! सूनबाईंनी ऐकलंय ना!"

"ऐकलंय तिने. घाबरू नकोस. मला दोनच गोष्टी सांग. केबलच्या भोकातला कचरा तू काढलास का?"

"नाही हो. काढायचा होता, पण घाई होती. केबल रबरबँडने बांधून काम भागवलं."

"आणि फोनची वेळ?"

इतक्या अडचणीतही सिग्नलला हसू आलं. "ती कशी विसरेन? बॅटरी जरा जास्त वेळ बाहेर राहिली की या फोनचं घड्याळ भरकटतं. आपोआप वेळ लावून घ्यायची सोय आहे, पण काकांनी ती बंद करून ठेवलीय. म्हणतात, माझ्या दुकानातल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळापेक्षा त्या कंपनीला जास्त कळतं का? म्हणून फोन द्यायला आलो तेव्हा त्या लंबकाकडे बघून वेळ लावली, मगच टेबलावर ठेवायला दिला."

"मी हसलेसुद्धा होते त्यावर," सूनबाई म्हणाली.

आत्या स्टुलावरून उठली. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की सूनबाईला आवाज सापडल्याचाच भास झाला.

"सापडला का?"

"आवाज नाही," आत्या म्हणाली. "चोर सापडला. आणि तो या क्षणी घरातच बसलाय."

४

दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. धुवून झालेलं गजराचं घड्याळ वहिनींनी एव्हाना जुळवून टाकलं होतं. ते टिकटिक करत होतं, पण काटे बारावरच उभे होते. वहिनींनी ते दादांच्या पुढ्यात सरकवलं आणि हात मागे घेतला. दादांनी लंबकाकडे पाहून काटे फिरवले, तेव्हा कुठे घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात पडलं. लग्न होऊन वहिनी या दुकानात आल्या तेव्हापासूनची ही रीत. खोलायचं, धुवायचं, जुळवायचं वहिनींनी. वेळ लावायची दादांनी. दादा तापाने फणफणले होते तेव्हा दुकानातली घड्याळं बारावर थांबून राहिली होती, पण वहिनींनी एकाही काट्याला बोट लावलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं. आत्याने सगळ्यांना आत घेतलं. दादांनी सिग्नलला बघताच पाटी उचलून तिच्यावरची ओळ दाखवली.

"ती पाटी ठेवा खाली, दादा. याच्याइतका तुमचा आवाज कोणी जपला नाही," आत्या म्हणाली आणि कार्डाची हकिगत तिने थोडक्यात सांगितली. "तेव्हा फोन कॉम्प्युटरला जोडणं, अपडेट, यातलं काहीही चोराला यायला हवं, असं नाही. आपण सगळे तिथेच फसलो. यंत्रातलं कळतं कोणाला, हेच शोधत बसलो. झाकण उघडून नखाएवढा तुकडा काढता आला की झालं."

"पण कोणी?" सूनबाईने विचारलं.

"चोराने दोन खुणा ठेवल्या. फोनचं भोक परवा कचऱ्याने भरलेलं होतं. केबल निसटत होती, तू स्वतः सांगितलंस. सिग्नलने ते साफ केलेलं नाही. आज मी केबल लावली तर खट्टकन बसली. आत सुताचा धागासुद्धा नाही. काचही पुसलेली. म्हणजे चोराने कार्ड काढलं आणि जाता जाता फोन आतून बाहेरून स्वच्छ केला. असा चोर मी तरी कधी ऐकला नव्हता. उघडलेली वस्तू साफ केल्याशिवाय ज्याला बंदच करवत नाही, असा माणूस जगात कुठे मिळतो? याच दुकानात मिळतो. आणि या दुकानात असे हात दोघांचेच."

दादांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे वटारले.

"तुम्हीही असू शकला असतात," आत्या म्हणाली. "पण दुसरी खूण बघा. कार्ड काढायचं तर बॅटरी काढावी लागते. बॅटरी काढून सावकाश साफसफाई केली, की घड्याळ भरकटलंच. सिग्नलने बरोबर लावून दिलेल्या फोनवर आज भरदिवसा पहाट दिसत होती. दादा, स्वतः उघडून जुळवलेली वस्तू तुमच्या हातून चुकीच्या वेळेवर सुटली असती? घर पेटलं असतं तरी तुम्ही आधी वेळ लावली असती. तेव्हा तुम्ही नाही. मग खोलतं, धुतं, जुळवतं, पण वेळेला मात्र कधीच हात लावत नाही, असं कोण उरलं?"

सगळ्या घड्याळांची टिकटिक एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. वहिनी उठल्या. मागच्या टेबलावर सुट्या भागांच्या बशा काचेच्या झाकणांखाली ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी सगळ्यात कडेचं झाकण उचललं आणि बशी दादांसमोर आणून ठेवली. बशीत मऊ कातड्यावर नखाएवढं काळं कार्ड होतं.

"ओरखडासुद्धा नाही त्याला," वहिनी म्हणाल्या. "चिमट्याने काढलंय."

५

"पण का, आई?" सूनबाईला हे पचतच नव्हतं. "आणि मी रात्रभर रडत होते!"

"तुझी मी पाया पडून माफी मागेन," वहिनी म्हणाल्या. "एका दिवसासाठी काढलं होतं ग. एक दिवस तरी फोन गप्प बसेल, असं वाटलं. सिग्नलने तुझ्यासमोर ते झाकण उघडून कार्डाचं काय काय सांगितलं, तुझं लक्ष नव्हतं, पण मी इथे बसून ऐकत होते. तुझ्यावर आळ येईल, याच्यावर येईल, हे डोक्यातच आलं नाही. आणि आला तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. चूक माझीच."

दादांनी पाटी ओढली. त्यांनी इतक्या जोरात 'का' लिहिलं की खडू मोडला.

"का म्हणून विचारताय?" वहिनी दादांकडे वळल्या. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं आता बाहेर आलं. "ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही माझ्याशी एकदा तरी भांडलात? डॉक्टरांनी सराव सांगितला होता. घोगरा का असेना, स्वतःचा आवाज येईल म्हणाले होते. पण तुम्हाला ते बटण मिळालं ना! मी काही विचारावं, की बटण. 'तू म्हणशील तसं.' अहो, मी म्हणेन तसं तुम्ही कधी वागलात? मी त्या माणसाशी लग्न केलेलं नाही. तो फार गोड बोलतो, पण तो आपला फोनमधला माणूस आहे. एक शब्द नवा बोलत नाही. मी तुमच्याकडे बघून बोलते आणि तुम्ही फक्त बटण दाबता."

दादांची मान खाली गेली.

"परवा तर मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही," वहिनींच्या डोळ्यांतून आता सरळ धारा लागल्या होत्या. "म्हटलं, आता तरी ओरडतील. ताट तरी ढकलतील. तुम्ही मुकाट्याने सगळं जेवलात आणि बटण दाबलंत. 'जेवण छान झालंय.' त्या रात्री मी ठरवलं, हा फोनमधला माणूस एक दिवस तरी घराबाहेर काढायचा."

सिग्नल चपलांकडे बघत होता. आत्याला एवढं कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, पण तो दाखवायची आता सोय नव्हती. वहिनींनी कार्ड चिमट्यात धरून सिग्नलपुढे केलं. "बसव बाबा परत. तुझ्या काकांची वस्तू आहे."

दादांनी मध्येच हात घातला आणि सिग्नलचा हात बाजूला केला. त्यांची मान लाल झाली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवाच आली. पुन्हा उघडलं. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा काहीतरी आवाज घशात झाला, आणि सूनबाई पाण्यासाठी धावणार तोच आत्याने तिचा दंड धरून थांबवलं.

"मीठ," असा एक घोगरा, फाटका शब्द बाहेर पडला. दादा दम घ्यायला थांबले. मग म्हणाले, "नव्हतंच."

वहिनींनी चिमटा बशीत ठेवला.

"कळलं होतं मला," दादांनी एक एक शब्द ओढून काढला. "आणि काल... भात... कच्चा होता."

"कच्चा?" वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले. "मी स्वतः शीत दाबून बघितलं होतं! काही कच्चा नव्हता."

"होता," दादा म्हणाले.